थांबण्याचे भाडे कोणी द्यायचे?

नाशिकजवळच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात मी २६ वर्षे काढली. त्या काळात ट्रकवाल्यांशी सर्वांत जास्त वाद कशावरून झाले असतील, तर ते हॉल्टिंगवरून. माल घेऊन गेलेली गाडी समोरच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन दिवस उभी राहिली, की वाहतूकदार भाड्याच्या खाली हॉल्टिंगची रक्कम वेगळी लावत असे. आम्ही ती कापायला बघत असू आणि तो ती सोडत नसे. त्याचे म्हणणे साधे होते. गाडी चालली नाही हे खरे, पण ती तुमच्यासाठी अडकून पडली होती, आणि अडकलेल्या गाडीचा हप्ता बँक माफ करत नाही.

त्याच नोकरीत, एका डिसेंबरात, आमच्याकडून गेलेल्या सुट्या भागांच्या खेपेत दोष निघाला आणि ग्राहक कंपनीची असेंब्ली लाइन थांबायची वेळ आली. लाइन थांबली तर दंड मिनिटांच्या हिशेबाने बसणार होता, म्हणून साहेबांनी विमान करायला सांगितले. बदली माल टेम्पोने कसारा घाट उतरून मुंबईला गेला, तिथून एका छोट्या मालवाहू विमानाने रातोरात पोहोचला आणि सकाळची पाळी वेळेवर सुरू झाली. त्या विमानाचे बिल मीच तपासले. उड्डाणाचे तास, इंधन, विमानतळाचे शुल्क हे सगळे त्यात होतेच. शिवाय आमचा टेम्पो घाटात अडकल्यामुळे विमानाला जे तीन तास उभे राहावे लागले, त्याचेही पैसे होते. म्हणजे हॉल्टिंग विमानालाही होते. मात्र ते विमान चालवणारी दोन माणसे त्याआधी किती तास जागी होती, आणि त्या तीन तासांचे त्यांच्या हातात काही पडले की नाही, हे विचारावे असे मला सुचलेही नाही.

आता सुचते, कारण धाकट्या बहिणीचा मुलगा अशाच एका कंपनीत सहवैमानिक आहे. गेल्या वर्षी कामानिमित्त त्याच्या शहरात गेलो, तेव्हा एक रात्र त्याच्याकडे राहिलो. चार वैमानिकांनी मिळून भाड्याने घेतलेले घर. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. इस्त्री केलेला गणवेश दाराच्या कडीला टांगलेला आणि बुटांत मोजे आधीच घालून ठेवलेले. फोन त्याने स्टीलच्या वाटीत ठेवला होता, कारण वाटीत आवाज मोठा येतो. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशी त्याची स्टँडबायची, म्हणजे बोलावणे आले की निघायच्या तयारीत राहण्याची, वेळ होती. "झोप ना आता," मी म्हणालो, तर तो म्हणाला, "मामा, झोपतो हो, पण अर्धा कान तिकडेच असतो." पहाटे पावणेचारला फोन वाजला. दहा मिनिटांत तो जिन्याखाली होता. कंपनीच्या कागदावर त्या क्षणापर्यंत तो विश्रांती घेतलेला, ताजातवाना वैमानिक होता.

ठरलेल्या वेळापत्रकावर न चालता, गिऱ्हाईक येईल तेव्हा माल उचलणाऱ्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांचा पगार, त्यांच्या कामाच्या वेळा आणि त्यांचे प्रशिक्षण या तीन तक्रारी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. माझ्या मते त्या एकाच गोष्टीच्या तीन बाजू आहेत. मागणी कधी येईल हे ठाऊक नसणे ही या धंद्याची मूळ जोखीम आहे. ती जोखीम उचलण्याबद्दल कंपनी गिऱ्हाइकाकडून चढे भाडे घेते, आणि ते घेणे रास्तही आहे. पण प्रत्यक्षात जोखमीचा मोठा वाटा वैमानिकाच्या झोपेवर, त्याच्या उत्पन्नावर आणि त्याच्या डोक्यावरच्या कर्जावर टाकला जातो. तातडीचा दर वसूल करायचा आणि तातडी पेलणाऱ्याच्या थांबण्याचा दर मात्र शून्य धरायचा, हा हिशेब आमच्या सातपुरातल्या एकाही ट्रकवाल्याने मान्य केला नसता.

रात्रपाळी नाशिककरांना नवी नाही. अंबड-सातपूरमध्ये तिसऱ्या पाळीला जाणारे हजारो लोक आहेत आणि त्यांच्या शरीराला ती जड जातेच. परंतु तिसऱ्या पाळीच्या कामगाराला पुढच्या आठवड्यात आपली पाळी कोणती हे आधी कळते. तो दुपारी झोपतो, घरचे लोक दूरदर्शन संचाचा आवाज कमी करतात, शेजारी दार वाजवत नाहीत. मागणीनुसार उडणाऱ्या वैमानिकाचा खरा प्रश्न रात्रीचे काम हा नाहीच. आज रात्र आहे की नाही हे संध्याकाळपर्यंत ठाऊक नसणे, हा आहे. दिवसभर झोपून राहिला आणि फोन आला नाही, तर रात्री झोप येत नाही. दिवसा जागा राहिला आणि पहाटे फोन आला, तर शरीर जेव्हा सर्वांत मंद असते त्या दोन ते सहाच्या वेळेत त्याला विमान उतरवावे लागते. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे मोटार चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारूची तपासणी फुंकर मारून होते, आणि वैमानिकांचीही ती होते. जागरण मोजणारे यंत्र मात्र कोणाकडे नाही, म्हणून ते आधीच, वेळापत्रकातच, अडवावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जुने आहे. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्युबातील ग्वांतानामो बे येथील अमेरिकी नौदलाच्या तळावर उतरताना एक डीसी-८ मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. त्या विमानातले तिघे कर्मचारी रात्रभर उड्डाणे करून सकाळी अटलांटाला पोहोचले होते आणि त्यांचे काम संपले होते. तेवढ्यात दुसऱ्या एका विमानात बिघाड झाला, त्याची फेरी यांच्या गळ्यात पडली, आणि नॉरफोकला माल घेऊन ते ग्वांतानामोकडे निघाले. माल उतरवल्यावर रिकामे विमान परत अटलांटाला आणायचे, असेही ठरलेले होते. रिकाम्या विमानाचे असे परतीचे उड्डाण त्या वेळच्या नियमांत व्यापारी उड्डाण गणले जात नसे, त्यामुळे कामाच्या तासांची मर्यादा तिथे आडवी येत नव्हती. दुपारी पाचच्या सुमारास, जवळजवळ चोवीस तास जागा असलेला कॅप्टन क्युबाच्या कुंपणाची खूण दाखवणारा लुकलुकता दिवा शोधत राहिला. तो दिवा त्या दिवशी बंद होता. वेग कमी होतो आहे, हे सहकारी सांगत होते आणि कॅप्टन दिवा कुठे आहे हेच विचारत होता. तिघेही गंभीर जखमी झाले, पण वाचले, आणि वाचल्यामुळेच आपण किती झोपलो होतो हे ते तपास करणाऱ्यांना सांगू शकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे मुख्य कारण म्हणून वैमानिकांचा थकवा नोंदवला तो या अपघातात, आणि त्याच निष्कर्षात कामाच्या तासांचे अपुरे नियम व अशा अवघड विमानतळांसाठी दिलेले अपुरे प्रशिक्षण यांचीही नोंद केली.

या अपघातात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती "आता एवढी एक फेरी करा" ही विनंती. तिला नाही म्हणण्याची सोय रोस्टरमध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, नसेल, तर ती माणसाच्या स्वभावात असून उपयोग नाही. नव्या नोकरीतला, कर्ज असलेला, तासाच्या हिशेबावर जगणारा वैमानिक नाही म्हणत नाही.

नियम बदलले, पण मालाकडे येताना ते अडखळले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ एक छोटे प्रवासी विमान पडून ५० जण मरण पावले. त्यातली सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, आणि तोही मालवाहू विमानात बसून. या अपघातानंतर अमेरिकेने विश्रांतीचे नवे नियम केले. ते ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले आणि त्यांतून मालवाहू विमाने वगळली गेली. कारण दिले गेले ते खर्चाचे: मालवाहू कंपन्यांना नियम लावण्याचा खर्च त्यातून होणाऱ्या लाभापेक्षा फार जास्त आहे. लाभ म्हणजे वाचलेले जीव, आणि मालवाहू विमानात जीव दोनच. नियम जाहीर झालेले असताना, पण लागू होण्यापूर्वी, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अलाबामातील बर्मिंगहॅम येथे एक मालवाहू एअरबस कोसळून दोन्ही वैमानिक गेले. त्याच रात्री ते दोघे, आपल्याला या नियमांतून का वगळले आहे, याबद्दलच बोलत होते आणि ते संभाषण ध्वनिमुद्रकात सापडले. हिशेब जिवांवरच करायचा असेल, तर विमान पडते ती जागा रिकामी असते, हे त्यात कोणी गृहीत धरले? मालवाहू विमानसुद्धा वस्तीवरूनच उतरते.

मागणीनुसार उडणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी तिकडचे नियम आणखी सैल आहेत. वर्षाला १,४०० तासांपर्यंत उड्डाण चालते, आणि तीन महिन्यांत पूर्ण चोवीस तासांच्या १३ सुट्ट्या दिल्या की भागते. आपल्याकडे वर्षाची मर्यादा १,००० तासांची आहे, ही बरी गोष्ट. अमेरिकेच्या नियामकाने एक गोष्ट मात्र वारंवार स्पष्ट केली आहे आणि ती आपण जशीच्या तशी घ्यावी अशी आहे: विश्रांती ही आधी सांगून दिलेली असली पाहिजे, आणि त्या काळात फोन उचलण्याचीसुद्धा जबाबदारी नसली पाहिजे. काल तुम्हाला फोन आला नाही, तेव्हा कालची रात्र तुमची विश्रांती धरली, असे मागे वळून म्हणता येत नाही. एवढी एकच अट काटेकोर पाळली, तरी वाटीत फोन ठेवून झोपणाऱ्या कितीतरी मुलांना झोप लागेल.

भारतात विश्रांतीच्या नियमांची चर्चा झाली ती डिसेंबर २०२५ मध्ये, जेव्हा इंडिगोची एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तासांची सलग विश्रांती, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरणे, रात्रीच्या उतरण्यांवर दोनची मर्यादा असे ते नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळूनही गोंधळ झाला आणि नियामकाला काही काळ सवलत द्यावी लागली. त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर प्रवाशांचे रडवेले चेहरे दिसले, म्हणून निदान प्रश्न तरी कळला. पेट्या रडत नाहीत. मालाचे विमान रद्द झाले, तर कुठल्याशा गोदामातला माझ्यासारखा एक डिस्पॅचवाला ओरडतो, आणि त्याचे ओरडणे नेहमी "लवकर पाठवा" एवढेच असते.

पगाराबद्दल बोलू लागले, की आमच्या कट्ट्यावर लगेच कोणीतरी म्हणते, लाखात कमावणाऱ्यांचे कसले रडगाणे ऐकायचे. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. कंत्राटी कामगाराला किमान वेतनासाठी झगडावे लागणाऱ्या शहरात तो येणारच. पण माझा मुद्दा रकमेपेक्षा ती कशी ठरते याचा आहे. वैमानिकाचे उत्पन्न बऱ्याच ठिकाणी उडलेल्या तासांशी बांधलेले असते, आणि हमीचे किमान तास किती, यावर त्याचा महिना ठरतो. प्रवासी कंपनीत वेळापत्रक ठरलेले असल्याने तास भरतात. मागणीवर चालणाऱ्या कंपनीत महिन्यातले वीस दिवस माणूस फोनजवळ बसून असतो आणि उडतो मात्र पंचवीस-तीस तास. ते वीस दिवस तो दुसरे काम करू शकत नाही, गावी येऊ शकत नाही, बहिणीच्या हळदीला येतो म्हणून सांगू शकत नाही. कागदावर तो मोकळा असतो. हमीचे तास कमी असले, तर हे अडकून पडणे कंपनीला जवळजवळ फुकटात मिळते.

आणि फुकटात मिळणारी गोष्ट कोणी जपून वापरत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाहतूकदार हॉल्टिंगबाबत मवाळ होते तोवर ग्राहक कारखाने आमच्या गाड्या बिनदिक्कत दोन-दोन दिवस उभ्या करत. ती रक्कम खरोखर वसूल होऊ लागली, तेव्हा त्याच कारखान्यांना गाड्या उतरवण्याच्या वेळा ठरवून देता येऊ लागल्या. फाटक तेच होते, हमालही तेच होते. वैमानिकाच्या स्टँडबायच्या प्रत्येक तासाला दर लागला, मग तो उड्डाणाच्या दराच्या चौथाई का असेना, तर सहा जणांना सरसकट रात्रभर जागे ठेवणाऱ्या कंपनीला दोघांना ठेवून बाकीच्या चौघांना "आज फोन येणार नाही" असे सांगणे परवडू लागेल. झोपेचा प्रश्न पगाराच्या कागदावर सुटतो तो असा.

प्रशिक्षणाचा भाग या दोन्हींना कुलूप लावतो. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. त्यावर विशिष्ट जातीच्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची वेगळी मान्यता, धरले, तर एकूण खर्च पन्नास लाखांच्या पुढे आणि कधी कोटीच्या आसपास जातो. आमच्या मेव्हण्यांनी दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग बँकेकडे गहाण ठेवली, तेव्हा कुठे मुलगा धुळ्याला पहिल्यांदा विमानात बसला. नोकरी लागल्यावर कंपनी जे प्रशिक्षण देते, त्यापोटी काही वर्षांचा बाँड असतो. शिवाय २०१७ पासून नियामकाच्याच नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची आगाऊ सूचना दिल्याशिवाय नोकरी सोडता येत नाही. कंपनीने शिकवलेला माणूस उद्या उठून जाऊ नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. परंतु जो सोडून जाऊ शकत नाही, त्याला दमलो आहे असे सांगण्याची हिंमतही कमी होते, आणि सुरक्षेची सगळी व्यवस्था तर त्याने ते सांगण्यावर उभी आहे. बाँड हवा असेल, तर तो सिम्युलेटरच्या प्रत्यक्ष खर्चाइतका, महिन्यागणिक उतरत जाणारा असावा. आणि थकव्यामुळे उड्डाण नाकारल्याची नोंद बढतीच्या कागदात येऊ नये.

प्रशिक्षणात काय शिकवले जाते, यावर त्याहून कमी बोलले जाते. रोज मुंबई-दिल्ली करणाऱ्या वैमानिकाला त्या धावपट्टीचा खड्डा न् खड्डा माहीत असतो. आज इथे, उद्या तिथे जाणाऱ्याला विमानतळ नवा, हवामान नवे, पेट्यांचे वजन आणि तोल नवा, आणि बहुधा वेळ पहाटेची. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त तयारी लागते, तो बहुतेक वेळा सर्वांत छोट्या, सर्वांत तोकडा प्रशिक्षण विभाग असलेल्या कंपनीत असतो. दर सहा महिन्यांची सिम्युलेटरवरची चाचणी ही परीक्षा आहे. तिला शिकवणी म्हणता येत नाही.

"छोट्या कंपन्यांना हे झेपणार नाही, त्या बुडतील" हा आक्षेप खरा आहे आणि आपल्या देशात मालवाहू विमान कंपन्या बुडाल्याही आहेत. पण त्या वैमानिकांना थांबण्याचे पैसे दिल्याने बुडाल्या नाहीत. इंधन, विमानाचे भाडे आणि परतीला रिकामे येणारे पोट यांनी त्या खाल्ल्या. उलट अमेरिकेत २०२२ च्या सुमारास प्रादेशिक प्रवासी कंपन्यांनी पगार एकदम वाढवले, तेव्हा "इथे अनुभव मिळतो" एवढ्यावर मुले टिकवणाऱ्या छोट्या मालवाहू कंपन्यांनाच वैमानिक मिळेनासे झाले.

हे सगळे नाशिकला कशाला, असे कोणी विचारील. ओझरला १९६४ पासून विमाने बनत आली आहेत, तीन किलोमीटरची धावपट्टी आहे, मालाचे टर्मिनल आहे, आणि तिथून जिवंत शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्याही आहेत. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हापासून निफाड-पिंपळगावच्या निर्यातदारांच्या प्रत्येक बैठकीत विमानाचा विषय निघतो. सिंहस्थाच्या निमित्ताने विमानतळाच्या विस्ताराची भाषाही आहे. मालाची विमाने इथून उडावीत असे मलाही वाटते. मात्र आपण ज्या घाईसाठी चढा दर द्यायला तयार होतो, तिच्यातली किती खरी असते, हे एकदा तपासायला हवे. शून्य अंशाजवळ थंड केलेली द्राक्षे शीतगृहात आठवडेच्या आठवडे टिकतात. वैमानिकांची झोप पूर्ण व्हावी म्हणून विमान आठ तास उशिरा निघाले, तर द्राक्षांचे काही बिघडत नाही. आमची ती डिसेंबरातली खेपसुद्धा, मागे वळून पाहता, दोष दोन दिवस आधी कबूल केला असता तर ट्रकने वेळेत पोहोचली असती. आम्ही आमचे दोन दिवस वाचवले आणि ते कोणाच्या तरी रात्रीतून वळते केले.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी कंपन्यांच्या वेळापत्रकाबाहेरील मालवाहू विमानांना देशातल्या सहा मोठ्या विमानतळांपुरते मर्यादित केले. त्यात ओझर नव्हते, आणि इथल्या निर्यातदारांनी त्याबद्दल नाराजी धरली तर ते समजण्यासारखे आहे. पण या निर्णयाने देशी मालवाहू कंपन्यांना स्पर्धेपासून आडोसा दिला, ही त्याची दुसरी बाजू आहे. सरकारने ज्याला आडोसा दिला, त्याच्याकडून सरकारला काही मागताही येते: आधी सांगून दिलेली विश्रांती, स्टँडबायच्या तासाचा दर, आणि अनोळखी विमानतळावर पाठवण्यापूर्वी कंपनीच्या खर्चाने सिम्युलेटर. आणि सरकार मागेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. चार्टरच्या, म्हणजे पूर्ण विमान भाड्याने घेण्याच्या, दरपत्रकात विमान उभे राहण्याचा तासाचा दर आधीपासून छापलेला असतो. त्याच्याखाली वैमानिकांच्या थांबण्याचा दर आणि उड्डाणापूर्वीच्या चोवीस तासांतली त्यांची विश्रांती अशा दोन ओळी मागण्याचा अधिकार माल पाठवणाऱ्याला आजही आहे. मी त्या खुर्चीवर असताना त्या मागितल्या नाहीत.